वखारीतली बाय

बायने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. देशी दारूचं दुकान चालवणाऱ्या बाईबद्दल असं सांगितलं की माणसं हसतात, पण रोह्याच्या जुन्या बंदराकडे राहिलेलं कोणीही याची साक्ष देईल. गिऱ्हाईक जितकं मोठ्याने बोले तितकी बाय हळू बोलायची. टेबलावर हात आपटून कोणी भांडायला उठला की ती गल्ल्यावर बसल्याबसल्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. काय म्हणाली ते कळावं म्हणून तो कान पुढे करायचा, शेजारचेही गप्प व्हायचे, आणि तेवढ्यात भांडणातला जीव निघून जायचा. ती म्हणालेली असायची एवढंच, "बस रे. घाय क्याची हाय?"

तिच्या दुकानाला कोणी दुकान म्हणत नसे, गुत्ताही म्हणत नसे. सगळे म्हणत वखार. कुंडलिकेच्या काठावर, रस्त्याकडे तोंड आणि नदीकडे पाठ करून ती इमारत उभी होती. काळ्या दगडाचं जोतं, बैलगाडी सरळ आत जाईल एवढा दरवाजा, सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं, आणि मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. आमचं घर तिला चिकटून होतं. मधली भिंत एकच. आमच्या स्वयंपाकघरात बसलं की पलीकडच्या पेल्यांचा आवाज यायचा. आमच्या फोडणीचा वास पलीकडे जात असणारच.

बाय मूळची पेणच्या खाडीकडच्या एका गावातली, मिठागरात राबणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. तिचा धाकटा भाऊ अधूनमधून भेटायला यायचा, तो रस्त्यावरूनच "बाय गो" अशी हाक मारायचा. ते नाव गिऱ्हाइकांनी उचललं आणि मग तेच राहिलं. लहानपणापासून मिठाच्या राशींकडे भर उन्हात बघून तिचे डोळे कायमचे बारीक झाले होते. सावलीत बसूनही ती लांबवर काहीतरी चकाकतंय असं बघायची. नवरा लवकर गेला, छातीत कळ येऊन, दुकानातच. परवाना तिच्या नावावर झाला. मुलगा तेव्हा शाळेत होता, तो पुढे पनवेलला गेला आणि तिकडचाच झाला. बाय मात्र वखारीत राहिली. खाली दुकान, वर माळ्यावर तिचा संसार.

रिकाम्या पोटी ती कोणालाही ओतत नसे. धाटावच्या कारखान्यांतली माणसं शिफ्ट सुटली की यायची, अंगाला केमिकलचा वास, डोळे लाल झालेले. त्यांच्यापुढे आधी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ यायची, नाहीतर सुकट. नवीन आलेला एखादा कुरकुरायचा, "बाय, मी प्यायला आलोय, जेवायला नाय." बाय पेला हातात धरून शांत उभी राहायची. तो खायला लागला की पेला खाली ठेवायची. स्वतः तिने थेंबही कधी चाखला नाही. तिच्या अंगाला दारूचा वास यायचा नाही, भाताच्या पेजेचा यायचा. मला तो अजून आठवतो.

मला तो वास माहीत असण्याचं कारण म्हणजे दुपारी दुकान बंद असायचं. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या मागच्या दारातून त्या दगडी पायऱ्यांवर जाता यायचं. जेवणं झाली की मी पुस्तक घेऊन तिथे बसायचे आणि बाय दोन पायऱ्या वर, खांबाला टेकून. समुद्र तसा बराच लांब, तरी भरतीचं पाणी आमच्यापर्यंत पोचायचं. ते वाहत आल्यासारखं वाटायचंच नाही. नदी नुसती फुगायची, जणू झोपेत कोणी मोठा श्वास घ्यावा. पलीकडे अष्टमी गावाच्या बाजूची झाडं पाण्यात उलटी दिसायची. कावळासुद्धा हळू ओरडायचा. पुस्तकाचं पान तेच राहायचं आणि बाय बोलत असायची.

बोलायची ती वखारीबद्दल. तिला ती 'ती' म्हणायची. वासा कुरकुरला की म्हणायची, "आज तिला बरं नाय." पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की म्हणायची, "घाम आलाय बग तिला." एकदा मी जोरात हसले तर बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "हलू गो, ती आताच झोपलीय." हे ती गमतीत म्हणते की खरंच, हे मला कधी कळलं नाही, आणि त्या पायऱ्यांवर बसलं की विचारावंसंही वाटायचं नाही.

माझी आई आणि बाय एकमेकींशी बोलत नसत. भांडण असं काही झालं नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, धाटावला एका कंपनीत होते आणि दिवसाची शिफ्ट सुटली की घराच्या दाराआधी त्यांना वखारीचं दार लागायचं. अण्णा वाईट प्यायचे नाहीत. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. घरी यायचे, गोड हसायचे आणि झोपायचे. वर्षानुवर्षं त्यांच्या संध्याकाळी अशाच गेल्या. आई म्हणायची, "माझ्या वाट्याला नवऱ्याची फक्त सकाळ आलीय." माझ्या दुपारच्या जाण्यावर तिने कधी बंदी घातली नाही, पण मी परत आले की ती विचारायची नाही आणि मी सांगायचे नाही.

मग मला बघायला पेणहून माणसं आली.

मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. आईने आदल्या दिवसापासून घर धुतलं होतं. अण्णांना तिने निक्षून सांगितलं होतं की सरळ घरी या. ते शिफ्टवरून निघालेही सरळ, पण मुलीला बघायला माणसं येणार या विचाराने त्यांचा धीर सुटला आणि ते थोडा वेळ वखारीत बसले. घरी आले ते अगदी नीट, केस विंचरून. पाहुण्यांना नमस्कार केला, खुर्चीत बसले. मुलाचे वडील भातशेतीबद्दल काहीतरी विचारत होते आणि अण्णा मान डोलावत होते. मग मान डोलायची थांबली. ते झोपले होते. हसरा चेहरा, हात मांडीवर. मुलाच्या मामाने बशीत चहा ओतला, तो पिऊन झाला, तरी अण्णा उठले नाहीत. पाहुणे हळूच चपला घालून गेले.

मला त्या मुलाचं काही वाटलं नाही. आईचा चेहरा मात्र मी विसरू शकले नाही. तिने रडणं-ओरडणं काही केलं नाही. कांदेपोह्यांच्या बशा उचलल्या, अण्णांच्या अंगावर चादर टाकली आणि म्हणाली, "आता पुरे."

दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीत घरोघरी फिरली. वस्तीतल्या बायकांनी मागणी केली की दारूच्या दुकानाबद्दल बायकांचं मतदान घेतात, हे तिला कुठूनतरी कळलं होतं. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीला जास्त मतं पडली तर दुकान राहतं, आडवीला पडली तर कायमचं जातं. आईने बायका जमवल्या, सह्या आणि अंगठे घेतले. अर्ज द्यायच्या आधी एकदा समोरासमोर सांगायचं म्हणून त्या सगळ्या एका दुपारी वखारीच्या मोठ्या दरवाजाशी येऊन उभ्या राहिल्या. मीही होते, सगळ्यांत मागे. माझी मान वर होत नव्हती.

बायने दार उघडलं. एवढ्या बायका बघून ती जराही दचकली नाही.

"आत या," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. त्या गल्लीत जन्म काढलेल्या बायका, पण देशीचं दुकान निघाल्यापासून त्या दाराच्या आत एकीचंही पाऊल पडलं नव्हतं.

"कोन नाय आत. गिऱ्हाईक संद्याकाली येतंय. या गो, बसा."

शेवटी आईच पहिली आत गेली. मग बाकीच्या. ज्या बाकांवर त्यांचे नवरे बसायचे त्या बाकांच्या कडेला त्या अवघडून टेकल्या. आत थंड होतं, अंधारं होतं, आणि मागच्या उघड्या दारातून नदीचा उजेड छतावर हलत होता. बायने सगळ्यांना कोकमचं सरबत दिलं. त्याच पेल्यांतून. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि प्यायल्या.

आई म्हणाली, "बाय, आम्ही काय सांगायला आलोय ते तुला ठाऊक हाय."

"व्हय."

"हे बंद कर. नाय केलंस तर आम्ही मतदान मागनार."

बायने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हातारीने, खांबावर हात फिरवत, अगदी सहज विचारलं, "हा खांब कसला गो? केवढा जाड हाय."

"साग हाय तो," बाय म्हणाली. "होडीतून आला. तवा मोठमोठे मचवे हितपर्यंत येत." आणि ती सांगत गेली, नेहमीच्या हळू आवाजात, त्यामुळे बायका पुढे सरकत गेल्या.

तिच्या आजेसासऱ्यांनी तिच्या सासऱ्यांना आणि सासऱ्यांनी तिला सांगितलेलं ते सगळं होतं. कुण्या व्यापाऱ्याने ही वखार बांधली ती भातासाठी. आतल्या गावांतून गाड्या भरून भात यायचा, मोठ्या दरवाजाने आत शिरायचा आणि मागच्या पायऱ्यांवरून मचव्यात चढायचा. परत येताना मचवे पेणच्या बाजूचं मीठ आणायचे. "माज्या बापजाद्यांचं मीठ हित उतरलंय," बाय म्हणाली. "मी यायच्या आदी माज्या घरचं मीठ आलं व्हतं ह्या घरात." मग नदी गाळाने भरत गेली, रस्ते झाले, मचवे यायचे थांबले. व्यापारी निघून गेला. रिकाम्या वखारीत तिच्या आजेसासऱ्यांनी माडीचं दुकान घातलं. माडाची ताजी माडी मडक्यांतून यायची, दुपारपर्यंत फेसाळायची आणि माणसं पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून ती प्यायची.

पुढे दारूबंदी आली. मडकी फुटली, दाराला कुलूप लागलं. पण ते घर बंद राहीना. आधी तिथे मुलांची शाळा भरली, शाळेला स्वतःची इमारत मिळेपर्यंत. मग गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकाच्या तालमी व्हायच्या. बायका नाटकात काम करत नसत म्हणून पुरुषच शालू नेसून ह्या खांबांमधून फिरायचे. गल्लीतल्या कितीतरी मुलींची लग्नं इथे लागली. "माजं बी," मघाची म्हातारी एकदम म्हणाली. "माजं लगीन हितंच लागलं गो! मी इसरूनच गेले व्हते." ती उठून त्या अंधारात इकडे तिकडे बघू लागली, बोहलं कुठे होतं ते शोधत. मोठ्या पुरात अख्खी गल्ली वरच्या माळ्यावर राहिली होती. तिथे चूल मांडली होती, आणि पाणी खांबाला कुठवर लागलं होतं ती रेघ बायने दाखवली. दोघीतिघींनी ती बोटाने चाचपली. त्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, तिच्या सासऱ्यांनी देशीचा घेतला, आणि धाटावला कारखाने आले.

छतावरचा नदीचा उजेड सरकत सरकत भिंतीवर उतरला होता. बायका कशाला आलो होतो ते जवळजवळ विसरल्या होत्या. एकीच्या मांडीवर तिचं मूल झोपलं होतं. मला वाटत होतं की ही दुपार अशीच राहावी, कोणी बोलू नये.

आई बोलली. तिचा आवाजही खाली आला होता. "बाय, घर चांगलं हाय तुझं. पण मी माझ्या नवऱ्याला काय करू?"

बायने आईकडे नीट पाहिलं. त्या दोघींनी एकमेकींकडे असं बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पोरीला बगाय मानसं येनार व्हती, मना म्हाईत नव्हतं," बाय म्हणाली. "त्यान सांगितलं नाय. भिंतीपलीकडून तू हाक मारली असतीस तर मी त्याला दारात उभा केला नसता."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही.

"मतदान मागा," बाय म्हणाली. "सरकारी मानूस येऊ दे. सगलं कायद्यान होऊ दे."

बाहेर आल्यावर बायका म्हणाल्या की हे आव्हान आहे, बाय मुरलेली आहे, तिला वाटतं आपण हरू. आईने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला.

मतदान शाळेत झालं. बायका सकाळपासून रांगेत होत्या, सणाला नेसाव्या तशा साड्या नेसून. बाय आली तेव्हा रांगेतली कुजबुज थांबली. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला होता. कोणी तिला पुढे जायला सांगितलं, पण ती शेवटी जाऊन उभी राहिली. एका मुलीने चिडवण्याच्या सुरात विचारलं, "बाय, उभी की आडवी?" बायने ओठ हलवले. मुलगी पुढे झुकली. "गपचूप द्यायचं असतंय ना गो?" बाय म्हणाली, आणि रांग हसली.

आडवी बाटली जिंकली. गल्लीत फटाके वाजले. माझ्या आईला बायकांनी उचलून धरलं, तिच्या एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. मी मात्र मागच्या दाराने पायऱ्यांवर गेले. बाय तिथे खांबाला टेकून बसली होती. भरती होती. मी तिच्या शेजारी बसले.

ती म्हणाली, "मी बी आडवीलाच दिलं."

मी तिच्याकडे वळले.

"माजा भाऊस येत नाय आता, कंदी इचारलंस का?" नव्हतं विचारलं. "दारून गेला तो. तिकडं गावात. त्याला अग्नी दिला, मी परत आले आनि संद्याकाली गल्ल्यावर बसले. कोनाकोनाच्या भावांना ओतली. मना रोज वाटायचं, आज बंद करीन. पन पोरगा म्हनं, तुला नको तर परवाना दुसऱ्याला देऊ, चालवनारे लय हायत. दुसरा आला असता तर त्यान भाकरी तरी दिली असती का? म्हनून बसले. आता कुनालाच द्याय नको. सुटले." ती पाण्याकडे बघत होती. "तुजी आय लय उशिरा आली गो. मी वाट बगत व्हते."

ते मी आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. आई चुलीशी बसली होती. तिने मधल्या भिंतीकडे पाहिलं, एकदा हात लावला भिंतीला, आणि पुन्हा भात ढवळू लागली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण अण्णा आता धाटावच्या नाक्यावर जाऊ लागले. तिथे भाकरी नव्हती आणि 'घाय क्याची हाय' म्हणणारं कोणी नव्हतं. दुकान भिंतीला लागून होतं तेव्हा ते चालत घरी यायचे. आता स्कूटरवरून यायचे. एका संध्याकाळी पुलाच्या अलीकडे स्कूटर घसरली. पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आई दारात उभी होती आणि स्वतःलाच म्हणत होती, "मीच केलं हे. मीच बंद करायला लावलं."

त्या दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. बाय होती, हातात झाकलेलं ताट. आमच्या घरात ती पहिल्यांदाच आली. तिने ताट अण्णांपुढे ठेवलं आणि आईचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तू नाय केलंस," ती म्हणाली. "मी नाय केलं, तू बी नाय. त्यान केलं. आता त्याला खाऊ घालू."

मग ती रोज दुपारी यायची. अण्णांच्या खाटेशी बसून वखारीच्या गोष्टी सांगायची, आणि अण्णा लहान मुलासारखे ऐकायचे. पायाचं हाड जुळायला बरेच महिने लागले. अण्णांनी दारू सोडली असं मी म्हणणार नाही. कमी झाली, सणासुदीपुरती उरली. पण संध्याकाळी ते जागे असायचे. आईशी बोलायचे. आईला सुरुवातीला काय बोलावं तेच सुचायचं नाही.

वखारीत खानावळ काढायची कल्पना कोणाची होती याबद्दल दोघींचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. आई म्हणायची बायची, बाय म्हणायची आईची. खरं तर दारू बंद झाली तरी धाटावची माणसं सवयीने त्या दारात येऊन उभी राहायची आणि बाय त्यांना भाकरी द्यायचीच. आईने एके दिवशी तिला एकटीला भाकऱ्या थापताना पाहिलं आणि पदर खोचून शेजारी बसली. अण्णा लंगडत ताटं मांडायचे. आवाज चढवणारं कोणी आलंच तर बाय ओठ हलवायची. आई हे तिच्याकडून शिकली. आमच्या घरात जन्मभर खणखणीत बोललेली माझी आई वखारीत गेली की इतकी हळू बोलायची, की मला हसू यायचं.

माझं लग्न पेणलाच झालं, दुसऱ्या घरात. जावई अण्णांनी जागेपणी पसंत केला, हे आई सगळ्यांना सांगायची. मी पेणच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागले. सुटी मिळाली की रोह्याची गाडी धरायची. रोह्याआधीचं निडी स्टेशन मागे पडलं की मी उठून दाराशी उभी राहायचे. वखारीत शिरलं की दोघी भाकऱ्या थापत बसलेल्या असायच्या, पाठीला पाठ लावून, न बोलता, आणि मागे नदी. अशी वर्षं गेली. मग अण्णा गेले, झोपेत, शांतपणे. त्यांच्या दहाव्याला धाटावची कितीतरी माणसं आली.

बायला विसरायला होऊ लागलं ते त्याच सुमारास. आधी मीठ दोनदा पडायचं. मग ती भर दुपारी पायऱ्यांवर जाऊन मचवा येतोय का बघू लागली. मुलगा पनवेलला न्यायला आला, तर तिने खांबाला मिठी मारली. शेवटी तिच्या भावाचा मुलगा आला. त्याने रस्त्यावरूनच हाक मारली, "आत्ते, घरी चल." ती मुकाट्याने उठली आणि त्याच्यामागून गेली. खाडीकडच्या त्याच तिच्या माहेरच्या गावी. मिठागरं आता तिथे राहिली नाहीत. बांध फुटून खारं पाणी शेतांत शिरलंय आणि जिकडे पाहावं तिकडे पाणीच चमकतं. आई खानावळ चालवत राहिली, गल्लीतल्या दोन बायकांना हाताशी घेऊन. वखार अजून भाताच्या वासाने भरलेली असते.

मागच्या हिवाळ्यात आई पेणला माझ्याकडे आली तेव्हा आम्ही दोघी रिक्षा करून बायकडे गेलो. ती ओसरीवर बसली होती, अंगाने चिमणीएवढी झालेली. मला तिने ओळखलं नाही. नुसती बघून हसली. आईकडे मात्र तिने खूप वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी काळजी आली आणि तिने आईला खुणेने जवळ बोलावलं. आई तिच्या शेजारी बसली, कान तिच्या तोंडाशी नेला.

"भिऊ नको गो," बाय म्हणाली. "आज मी तुज्या नवऱ्याला दिली नाय. जेवायला घातला आनि घरी लावून दिला. आला ना घरी?"

मी आईकडे पाहिलं. अण्णांना जाऊन बराच काळ लोटला होता. समोर खाडीचं पाणी उन्हात पसरलं होतं आणि वारा अजिबात नव्हता.

आईने बायचा हात दोन्ही हातांत घेतला.

"व्हय बाय," ती म्हणाली, तितक्याच हळू. "आलेत घरी. मी निघाले तवा जागेच व्हते."